बर्फाळ आडगावात घर घ्यायचं म्हणतोय, काय काय बघावं?

रानवेडी

मंडळी, मार्गदर्शन हवंय. आम्ही दोघंही घरूनच काम करतो, कन्यारत्न सहा वर्षांचं आहे आणि शहरात राहायलाच हवं असं काही कारण आता उरलेलं नाही. मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलात, कीविनॉ द्वीपकल्पावर एक जुनं घर नजरेत भरलंय. नऊ एकर रान, स्वतःची बोअर, मागे ओढा, सगळ्यात जवळचा शेजारी पाऊण मैलावर. जाहिरातीतले फोटो झाडून सगळे जुलैमधले. एजंटला बर्फाचं विचारलं तर म्हणाला, "पडतो, पण लोक राहतात की!"

बर्फ आम्हाला नवा नाही, पण तो शहरातला. म्हणजे आपण उठायच्या आत कुणीतरी बाजूला केलेला. तुमच्यापैकी कुणी अशा आडबाजूला राहिलंय का? कीविनॉच असं नाही, भरपूर बर्फाचं कुठलंही गाव चालेल. घर बघताना काय तपासायचं, गाडी कोणती, आजारपणात काय करता, इंटरनेट, आणि मुख्य म्हणजे फेब्रुवारीपर्यंत डोकं ठिकाणावर राहतं का, हे सगळं ऐकायचंय. "जाऊ नका" हा सल्ला घरच्यांनी देऊन झालाय, तो सोडून बोला.

खवट

जुलैचे फोटो बघून बर्फातलं घर घेणं म्हणजे स्टुडिओतला फोटो बघून सोयरीक जमवणं. बाकी चालू द्या. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

ताम्रपट

रानवेडी, मी हॅन्कॉकच्या वरच्या अंगाला राहतो, म्हणजे तुमच्या होऊ घातलेल्या पंचक्रोशीतलाच. घराचं नंतर बघू. आधी सांगा, रस्ता कुणाचा?

इकडे रस्त्यांच्या तीन तऱ्हा. राज्याचा किंवा काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) बारमाही रस्ता, तो साफ होतो. खासगी रस्ता, तो ज्याचा त्याने बघायचा. तिसरा सीझनल रोड, आणि बाहेरून आलेली माणसं अडकतात ती इथे. रस्ता काउंटीचाच असतो, उन्हाळ्यात त्यावर ग्रेडरही फिरतो, पण नोव्हेंबर ते एप्रिल काउंटी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. तोंडाशी तशी पाटी असते. जुलैत ती झाडोऱ्यात दिसतही नाही. तेव्हा काउंटी रोड कमिशनला फोन लावा, रस्त्याचं नाव सांगा आणि विचारा की प्लाऊ, म्हणजे बर्फ ढकलणारी गाडी, कुठपर्यंत येतो आणि कुठे वळतो. तो वळतो त्याच्या पुढचा प्रत्येक फूट तुमचा.

आता बर्फ किती. यू.एस. ४१ वर मोहॉकच्या उत्तरेला थर्मामीटरसारखा एक उंच फलक उभा आहे, येताना बघालच. १९७८-७९ च्या हिवाळ्यातला विक्रम त्यावर आहे, ३९०.४ इंच. साडेबत्तीस फूट झाले. दरवर्षी इतका नसतो, पण दोनशे इंचांचं इथे कुणाला कौतुक नाही. लेक सुपीरियर अवाढव्य आणि खोल, लवकर गोठत नाही. कॅनडाकडून येणारा कोरडा गार वारा त्या उघड्या पाण्यावरून येताना वाफ उचलतो आणि आमच्या टेकड्यांवर आणून ओततो. त्यामुळे वादळ आलं, गेलं, सुटलो असं होत नाही. आज चार इंच, उद्या सहा, परवा परत चार. बातम्यांत येण्याजोगं काहीच घडत नाही आणि तरी गाडी गायब झालेली असते. हे पट्ट्यापट्ट्याने पडतं, म्हणजे हॉटनमध्ये ऊन असताना दहा मैलांवर समोरची खांबाची तार दिसत नाही.

म्हणून पुढचा प्रश्न, काढलेला बर्फ ठेवणार कुठे? ड्राइव्हवेच्या दोन्ही अंगांना जागा हवी. डिसेंबरात "पुरे एवढं" म्हणून कडा जवळ ठेवल्या की फेब्रुवारीत गाडीचे आरसे भिंतींना घासायला लागतात, आणि तोवर त्या भिंती दगडासारख्या झालेल्या असतात. पहिल्याच बर्फात गरजेपेक्षा दुप्पट रुंद साफ करायचं. जमीन गोठायच्या आत कडेने काठ्या ठोकून ठेवायच्या, नाहीतर जानेवारीत ड्राइव्हवे कुठे आणि फुलझाडं कुठे ते कळत नाही.

हत्यारं: इथे घरोघरी दाराशी पत्र्याचा रुंद स्कूप टेकवलेला असतो. दोन्ही हातांनी पुढे रेटायचा आणि ढिगावर नेऊन कलता करायचा, उचलायचं काही नाही. फावड्याने उचलत बसाल तर कंबर जाईल. लांब ड्राइव्हवेला मोठा स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ उडवून बाजूला फेकणारं यंत्र, लागतोच. त्याचं नळकांडं ओल्या बर्फाने चोंदतं तेव्हा इंजिन बंद केलं तरी आत हात घालायचा नाही. पात्यात ताण राहिलेला असतो, गोळा सुटला की ते एक गिरकी घेतं, आणि ती एक पुरते. मशीनसोबत प्लास्टिकचा दांडा येतो, तोच वापरायचा.

काउंटीचा प्लाऊ गेला की तुमच्या तोंडाशी कमरेइतका बांध घालून जातो. रागावू नका, त्याचा इलाज नाही. पण तो बांध रस्त्यापलीकडे ढकलायचाही नाही. मिशिगनमध्ये ते बेकायदेशीर आहे, आणि समोरच्याशी कायमचं वाकडं येतं ते वेगळंच.

चक्रम

एवढं सगळं कशाला? मोठी फोर व्हील ड्राइव्ह घ्या, विषय संपला.

उणेचाळीस

@चक्रम, विषय तिथून सुरू होतो. फोर व्हील ड्राइव्हने गाडी निघते छान, थांबते बाकीच्यांसारखीच. बर्फाच्या दिवसांत आमच्याकडे खंदकात आडव्या पडलेल्या गाड्यांमध्ये पिकअप भरपूर असतात. आधी टायर. सात अंशांच्या खाली साध्या टायरचं रबर कडक होत जातं आणि पकड जाते. मुख्यतः त्याच्यासाठी विंटर टायर, फक्त खाचांसाठी नाही. टायरच्या कडेवर डोंगराच्या तीन शिखरांत हिमकणाचं चिन्ह असतं, ते बघून घ्या. चारही चाकांना. दोनच लावले तर वळणावर गाडीचं ढुंगण पुढे येतं.

मी कॅनडात, सॅस्कॅचेवानच्या उत्तरेला आहे. इथे बर्फ रानवेडींच्या गावाच्या मानाने किरकोळ, पण थंडी भारी. आयडीत लिहिलंय ते तापमान सेल्सियस की फॅरनहाइट विचारू नका, तिथे दोन्ही एकच येतात. त्या थंडीत वस्तू कशा वागतात ते सांगतो. गाडीच्या बॅटरीची ताकद उणे अठरालाच निम्म्याच्या आसपास येते, आणि तेव्हाच इंजिन ऑइल मधासारखं घट्ट झालेलं असतं. म्हणून इथल्या गाड्यांना इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर असतो आणि बॉनेटमधून प्लग लोंबत असतो. रात्री टायमरवर लावायचा, निघायच्या तीनेक तास आधी सुरू होईल असा. डिझेल असेल तर हिवाळी डिझेलच, नाहीतर त्यात मेण धरतं आणि फिल्टर बसतो. घराला प्रोपेन असेल तर लक्षात ठेवा, त्याचा उत्कलनबिंदू उणे ४२ आहे. त्याच्या जवळपास टाकी भरलेली असूनही गॅस नीट येत नाही. कीविनॉत सहसा एवढं उतरत नाही म्हणा, सरोवर जसा बर्फ देतं तशी थोडी ऊबही देतं. आमच्या वायव्येला युकॉनमध्ये स्नॅग म्हणून जागा आहे, तिथे ३ फेब्रुवारी १९४७ ला उणे ६३ नोंदलं गेलं. त्या मानाने आम्ही समुद्रकिनाऱ्यावर.

वाऱ्यासकट उणे २८ च्या खाली गेलं की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, असं कॅनडाचं हवामान खातं सांगतं. मुलीसाठी बोटांचे हातमोजे घेऊ नका, चारही बोटं एकत्र राहतात ते मिटन घ्या. बूट एक नंबर मोठे, दोन मोजे घातल्यावरही बोटं हलली पाहिजेत. घट्ट बुटात पाय हमखास गारठतो. सुती कपडा अंगाला लागून नको, घाम धरून ठेवतो. लोकर घ्या.

रानवेडी

ताम्रपट, उणेचाळीस, किती आभार मानू! रोड कमिशनला सोमवारी फोन करते. ड्राइव्हवे विचारलात तर अंदाजे बाराशे फूट आहे, झाडीतून नागमोडी. फोटोत फार सुरेख दिसतो.

घराबद्दल कुणी सांगेल का? १९२० च्या आसपासचं लाकडी घर, वर पत्रा, तळघरात फर्नेस (घर तापवायची भट्टी), शिवाय लाकडाची शेगडी.

खवट

बाराशे फूट नागमोडी. _/\_

पागोळी

मी होक्काइदोमध्ये, असाहिकावापासून आत एका खेड्यात. जपानमधलं सगळ्यात नीचांकी तापमान आमच्याच असाहिकावाचं, १९०२ सालच्या २५ जानेवारीला उणे ४१. देश वेगळा असला तरी बर्फ तोच, तेव्हा लिहिते.

छप्पर. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला पन्नास ते शंभर किलो भरतो. तोच दबून बसला की तीनशेपर्यंत जातो. म्हणजे शंभर चौरस मीटर छपरावर मीटरभर जुना बर्फ साचला तर तीस टन. पत्रा आहे आणि उतार चांगला आहे तर घसरून पडेल, ही जमेची बाजू. पण पडतो कुठे ते बघा! दारासमोर, गॅसच्या मीटरवर, तेलाच्या टाकीच्या पाइपवर की मुलगी खेळते तिथे? आमच्याकडे दर हिवाळ्यात माणसं जातात ती बहुतांशी याच कामात, छपरावरून बर्फ उतरवताना पडून किंवा वरून आलेल्या बर्फाखाली सापडून, आणि त्यात म्हातारी माणसं जास्त. २००५-०६ च्या हिवाळ्यात देशभरात १५२ जण गेले. एकट्याने छपरावर चढायचं नाही, हा आमच्या गावातला अलिखित नियम आहे.

पाणी. सगळ्यात जास्त कटकट याची. इथे जुन्या घरांत एक झडप असते, ती फिरवली की घरातल्या नळांतलं पाणी जमिनीखाली उतरतं. कडाक्याच्या रात्री झोपण्यापूर्वी आणि गावाला जाताना ती फिरवायचीच. तुमच्या घरात पाण्याची लाइन कुठून आत येते, तिथे ऊब आहे का, बाहेरच्या भिंतीतून कुठला पाइप गेलाय का ते बघा. सिंक बाहेरच्या भिंतीला टेकून असेल तर थंडीत खालचं कपाट उघडं ठेवायचं आणि नळ बारीक धार धरून सोडायचा. आणखी एक गोष्ट शहरातून आलेल्यांना उलटी वाटते. बर्फ पांघरुणाचं काम करतो. सेप्टिक टाकी आणि पाण्याची लाइन जिथून गेलीय तिथला बर्फ काढू नका, त्यावरून गाडी किंवा स्नोमोबाइल नेऊन तुडवूही नका. उघडी किंवा तुडवलेली जमीन जास्त खोल गोठते. ड्राइव्हवेखालून लाइन गेली असेल तर विकणाऱ्याला खोदून खोदून विचारा.

धूर. हे मात्र पाठ करा. मार्च २०१३ मध्ये आमच्या पूर्व भागात बर्फाचं वादळ आलं, ९ जण गेले. त्यातले चौघे एकाच घरातले, आई आणि तीन मुलं. गाडी बर्फात रुतली, ऊब राहावी म्हणून इंजिन चालू, बर्फाने सायलेन्सरचं तोंड बुजलं आणि कार्बन मोनॉक्साइड आत आला. थंडीने नाही गेले. तेव्हा गाडी अडकली तर आधी उतरून मागचा पाइप मोकळा करायचा, दर थोड्या वेळाने परत करायचा, आणि इंजिन चालू-बंद करत राहायचं. गाडीत फावडं, पांघरुणं, बॅटरी, पाणी कायम. घराचंही तसंच. नव्या फर्नेसचं धुराडं वर न जाता भिंतीतून बाहेर काढलेलं असतं, जमिनीपासून हातभर उंचीवर. छपरावरचा बर्फ नेमका तिथे पडला तर? प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, बॅटरीवर चालणारा.

दमडी

पागोळीताई, दंडवत. प्रतिसाद वाचनखुणांत.

माझं काम विम्यातलं, तेव्हा कागदांबद्दल. घर पसंत पडायच्या आधी विमा कंपनीला पत्ता देऊन हप्ता विचारा. अग्निशमन केंद्र किती मैलांवर, पाण्याचा बंब भरायची सोय कुठे, यावर तो ठरतो, आणि आडरानात तिथे स्वयंसेवकच असतात. लाकडाची शेगडी लपवू नका. ती कुणी बसवली, भिंतीपासून किती अंतरावर आहे, धुराडं शेवटचं कधी साफ झालं, सगळं विचारतात. ओलं लाकूड जाळलं की धुराड्यात डांबरासारखा थर बसतो आणि एक दिवस तोच पेटतो. लाकडात पाणी वीस टक्क्यांच्या खाली हवं. त्यासाठी फोडून, रचून वर्षभर तरी सुकवावं लागतं. म्हणजे येत्या हिवाळ्याचं लाकूड गेल्या वर्षी तयार व्हायला हवं होतं. विकणाऱ्याच्या आवारात सुकं लाकूड रचलेलं असेल तर ते व्यवहारात धरून मागा.

मालकाकडून मागच्या दोन-तीन हिवाळ्यांची गॅसची आणि विजेची बिलं घ्या. १९२० चं घर आहे, भिंतींत काय भरलंय ते बिलातच कळेल. छताच्या कडेने बर्फाचे जाड सुळे लोंबतात का तेही विचारा. दिसायला देखणे असतात, पण बऱ्याचदा त्याचा अर्थ इतकाच की आतली ऊब माळ्यातून पळतेय, वरचा बर्फ वितळून कडेला गोठतोय, आणि मागे तुंबलेलं पाणी पत्र्याखालून घरात उतरणार आहे.

वीज गेली की काय काय बंद पडतं याची यादी करा. फर्नेसचा पंखा बंद, म्हणजे गॅस असून ऊब नाही. बोअरचा पंप बंद, म्हणजे पाणी नाही. लोक दिवे आणि वाय-फाय धरून बसतात. जनरेटर घेतलात तर इलेक्ट्रिशियनकडून ट्रान्सफर स्विच, म्हणजे घर बाहेरच्या विजेपासून तोडून जनरेटरवर नेणारं बटण, बसवून घ्या. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसणारे महाभाग असतात, त्यांच्या विजेने खांबावर चढलेला लाइनमन मरू शकतो. आणि जनरेटर घरापासून किमान वीस फुटांवर, गॅरेजचं दार उघडं असलं तरी गॅरेजात नाही.

उणेचाळीस

दमडी, यात एक भर. बर्फ वितळायला लागला की रस्त्यांवरची गाड्यांच्या वजनाची मर्यादा खाली आणतात. जमीन वरून सुटते, खाली गोठलेलीच, मध्ये चिखल, त्यावरून जड ट्रक गेला की रस्ता फाटतो. मिशिगनमध्येही वसंतात ही बंधनं असतात. तेव्हा मार्चमध्ये टाकी तळाला गेली आणि टँकर अर्धा भरूनच येणार म्हणाला, असं होतं. गॅस फेब्रुवारीतच भरून घ्यायचा.

जुना_जोगी

एवढं वाचून आमची तर दातखीळ बसली. रानवेडीबाई, हिमालयात एखादा हप्ता फिरून या, हौस फिटेल.

ध्रुवतारा

डोकं ठिकाणावर राहतं का, हा प्रश्न सगळ्यांनी शिताफीने टाळलाय. मी उत्तर नॉर्वेत, ट्रॉम्सोजवळ, एका आरोग्य केंद्रात काम करते. इथे नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. कीविनॉत दिवस आठ-साडेआठ तासांचा तरी असेल. पण सरोवरावरचे ढग असल्याने तोही राखाडीच, असं ऐकून आहे.

पहिल्या हिवाळ्यात थंडीचा त्रास होईल असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात त्रास होतो झोपेचा. सकाळी उठवत नाही, दुपारी चारला पेंग येते, रात्री दोनला डोळे टक्क उघडे, गोड खावंसं वाटतं, माणसं नकोशी होतात. या मोसमी नैराश्याचं रीतसर वर्णन १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. दिव्याचा उपाय खरंच चालतो, पण दिवा दहा हजार लक्सचा हवा, उठल्या उठल्या अर्धा तास, आणि लक्षणं दिसायची वाट न बघता शरद ऋतूतच सुरू करायचा. डोळ्यांचा आजार असेल किंवा मूड फार वर-खाली होण्याचा इतिहास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. डी जीवनसत्त्वाची रक्ततपासणी निघण्यापूर्वी करून घ्या. आपल्या सावळ्या कातडीला ते तयार करायला जास्त ऊन लागतं आणि या अक्षांशावर हिवाळ्यात तेवढं मिळत नाही.

दिव्यापेक्षाही एक गोष्ट उपयोगी पडते, पण ती दुकानात मिळत नाही. रोज ठरलेल्या वेळी घराबाहेर पडायचं कारण हवं. घरून काम करणारी दोघं, शेजारी पाऊण मैलावर, बाराशे फुटांचा ड्राइव्हवे. मला बर्फापेक्षा याची जास्त काळजी वाटते. आठवड्यातून दोनदा तरी कुठेतरी "आज का नाही आलात" असं विचारणारं कुणी असायला हवं. मुलीची शाळा असेल, वाचनालय असेल, स्कीचा गट असेल. शाळेची बस तुमच्या फाट्यावर येते का, की फाट्यापर्यंत तुम्हीच न्यायचं, हेही विचारून घ्या.

आजारपण. औषधांचा महिनाभराचा साठा घरात. अँब्युलन्स किती वेळात येते ते तिथल्या माणसाला विचारा, आणि ड्राइव्हवे साफ नसेल तर ती घरापर्यंत येते का तेही. घराचा क्रमांक रस्त्यावरून, बर्फाच्या ढिगाच्या वर दिसेल इतका उंच लावा. साधी गोष्ट आहे, पण रात्री शोधत फिरणाऱ्या चालकाला त्याचा फार उपयोग होतो.

ताम्रपट

ध्रुवतारा, अगदी बरोबर बोललात. इथली जुनी वस्ती तांब्याच्या खाणींमुळे आली, त्यात फिनलंडहून आलेले पुष्कळ. त्यांनी सॉना, म्हणजे घाम काढायची तापवलेली खोली, सोबत आणला आणि तो अजून टिकून आहे. शनिवारी कुणाकडे सॉना तापला की बोलावणं येतं. ते नाकारू नका. तुमचा ड्राइव्हवे अडला तर ट्रॅक्टर घेऊन कोण येणार हे तिथेच ठरतं. तो साफ करून गेला तर लगेच पैसे पुढे करू नका, हिशेब वेगळ्या तऱ्हेने चुकता होतो. मात्र नियमित काम करायला कुणाला धरणार असाल तर सप्टेंबरातच बोलून, ठरवून, पैसे ठरवूनच. नोव्हेंबरात सगळ्यांच्या याद्या भरलेल्या असतात.

हॅन्कॉक आणि लॉरियमला दवाखाने आहेत, मोठं काही निघालं तर मार्केट नावाचं शहर, म्हणजे हॉटनपासून शंभर मैल. इंटरनेटला माझ्याकडे स्टारलिंक आहे, उपग्रहावरून येणारं. थाळी स्वतः गरम होऊन बर्फ वितळवते, तेव्हा वीज जास्त खाते, जनरेटरच्या हिशेबात ते धरा.

रानवेडी

फोन केला. रस्ता सीझनल आहे. बारमाही डांबरी रस्ता जिथे संपतो तिथून घराच्या फाटकापर्यंत एक मैल आणि वर थोडं. एजंटला विचारलं तर म्हणे, मालक हिवाळ्यात फ्लोरिडाला असतात, त्यामुळे "तो प्रश्न कधी आला नाही". म्हणजे त्या घरात गेल्या कित्येक हिवाळ्यांत कुणी राहिलेलंच नाही!

नवऱ्याचं म्हणणं, घर सोडून द्यायचं. माझं मन अजून ओढ्यातच अडकलंय.

खवट

मालकालाच जमलं नाही तिथे. खवटपणा नाही, खरंच सांगतो, सोडा.

दमडी

मैलभर रस्ता स्वतः साफ करायचा म्हणजे ब्लोअरचं काम नाही, ट्रॅक्टर लागेल. आणि रस्ता काउंटीचा असल्याने तो साफ करायला परवानगी लागते का, तेही विचारावं लागेल. शिवाय कर्ज देणारी बँक बारमाही वाट मागू शकते.

उणेचाळीस

एक हिवाळा भाड्याने काढा. गावात, प्लाऊ येतो अशा रस्त्यावर. मग ठरवा.

ताम्रपट

भाड्याने राहायला माझी हरकत नाही, पण एका हिवाळ्यावरून निर्णय घेऊ नका. २०२३-२४ चा हिवाळा इथे इतका कोरडा गेला की मार्केटची यूपी २०० ही कुत्र्यांच्या स्लेजची शर्यतसुद्धा बर्फ नाही म्हणून रद्द करावी लागली. त्या वर्षी जे भाड्याने राहून बघायला आले असतील ते म्हणाले असतील, हात्तिच्या, हाच का तो बर्फ! भाड्याने राहून बर्फ किती ते कळणार नाही. तुमचं एकमेकांशी आणि गावाशी कितपत जमतं ते कळेल, आणि त्यासाठी ते जरूर करा. बर्फाचा अंदाज म्हाताऱ्यांकडून घ्या, रोड कमिशनकडून घ्या.

पागोळी

ताम्रपट यांच्याशी सहमत. फक्त एवढंच, भाड्याचं घर ऑक्टोबरच्या आत घ्या, जानेवारीत नको. शरद ऋतूतली तयारी हाताखालून गेली नाही तर अर्धं शिक्षण राहतं. घरात उंदीर शिरतात तेही तेव्हाच. गाडीच्या एअर फिल्टरमध्ये घरटं करतात मेले.

चक्रम

मी अजूनही म्हणतो, मोठी गाडी घ्या. पण बरोबर टायर घ्या. (सुधारणा नोंदवावी.)

रानवेडी

@चक्रम, नोंदवली :)

तर ठरलं असं. ओढ्याचं घर नाही. कॅल्युमेटच्या बाजूला बारमाही रस्त्यावरची दोन घरं यादीत आहेत, एकाचा ड्राइव्हवे साठ फुटांचा. ती फेब्रुवारीत जाऊन बघणार, आणि सप्टेंबरपासून गावात भाड्याने राहणार. विमानाने शिकागोवरून हॉटनच्या विमानतळावर उतरून तिथून गाडी भाड्याने घ्यायचा विचार आहे. फेब्रुवारीत ते धाडस ठरेल का?

ताम्रपट

विमान रद्द होऊ शकतं, तेव्हा दोन दिवस हातचे राखून तिकीट काढा. आणि गाडी ठरवताना टायर कोणते आहेत ते फोन करून विचारा. भाड्याच्या गाड्यांना बहुधा ऑल-सीझनच असतात. विंटर टायरवाली मिळाली नाही तर कळवा, मी न्यायला येतो. तेवढ्यात रस्त्यातली ती दोन्ही घरंही बाहेरून बघून घेऊ.

रानवेडी

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, काका. तारखा पक्क्या झाल्या की लगेच.

खवट

ताम्रपट, साठ फुटांचा ड्राइव्हवे नागमोडी नाही ना, ते तेवढं बघून या.